कवितेतला किल्ला

इसवी सन 954च्या ऑक्टोबरात हलबचा अमीर सैफुद्दौला फौजफाटा आणि गवंडी-मजूर घेऊन हदस या पडक्या ठाण्यावर दाखल झाला. हलब म्हणजे आजचं सीरियातलं अलेप्पो. हदसची जागा आज तुर्कस्तानात मोडते. टॉरस पर्वताच्या एका खिंडीवर नजर ठेवणारं हे सरहद्दीचं ठाणं काही वर्षांपूर्वी बायझंटाइनांनी घेतलं होतं आणि त्याचा कोट पाडून टाकला होता. अरब त्यांना रूमी म्हणत, आपणही तेच म्हणू. पोहोचला त्याच दिवशी अमिराने पाया आखला आणि पहिली कुदळ स्वतः मारली. थोड्याच दिवसांत रूमी सेनापती बार्दास फोकास चालून आला. त्याच्या सैन्यात आर्मेनियन होते, रुस होते, बल्गार आणि खझर होते. अरबी नोंद पन्नास हजारांचा आकडा सांगते, आणि जिंकणाऱ्याने सांगितलेला शत्रूचा आकडा म्हणून तो जरा सैल हातानेच धरलेला बरा. 30 ऑक्टोबरला पहाटेपासून दुपार कलेपर्यंत लढाई झाली. अमीर पाचशेएक खास स्वारांनिशी स्वतः घुसला, रूमी फळी फुटली, सेनापतीचा जावई आणि नातू हाती लागले. फौज तिथून हलली नाही. नोव्हेंबरच्या मध्याला तट पुरा झाला आणि शेवटची चर्या अमिराने आपल्या हाताने बसवली.

पहिली कुदळ आणि शेवटची चर्या, हे बारकावे ज्या मजकुरात येतात तो एका कवितेच्या डोक्यावर लिहिलेला आहे. कवितेचा कर्ता अबू तय्यिब अहमद, ज्याला जग मुतनब्बी म्हणून ओळखतं, त्या स्वारीत अमिरासोबत होता आणि लढाईनंतर हदसलाच त्याने ती म्हणून दाखवली. अरबी साहित्याच्या इतिहासात हदसची ही कविता जितकी पाठ झाली तितक्या फार थोड्या झाल्या असतील. आजही अरब देशांत शाळकरी मुलं ती शिकतात. किल्ला मात्र तीन वर्षंसुद्धा टिकला नाही. 957च्या जूनमध्ये रूमींनी तो पुन्हा घेतला आणि पुन्हा पाडला.

मध्ययुगीन अरबी स्तुतिकाव्याबद्दल बोलताना आपण चटकन भाटगिरी म्हणून मोकळे होतो. पैसे घ्यायचे, राजाला सिंह म्हणायचं, पुढच्या दरबारात जायचं. यातला पैशाचा भाग खरा आहे आणि तो कुणी लपवतही नसे. पण एवढ्यावर थांबलं तर सैफुद्दौलासारखा सदैव पैशाच्या ओढीत असलेला अमीर कवितेवर इतका खर्च का करत होता, याचा उलगडा होत नाही. त्या काळात स्तुतीचा कसीदा, म्हणजे दीर्घ कविता, हे राज्यकारभाराचं एक काम होतं, नाणी पाडण्यासारखं आणि शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, नाव घेण्यासारखं. फरक एवढाच की टांकसाळ अमिराच्या मुठीत होती आणि कवी तसा नव्हता.

हे काम जुनं होतं. उमय्या घराण्याचा खलिफा अब्दुल मलिक यादवीतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या घराण्याचा राज्यावर हक्क आहे हे ठासून सांगायला सगळ्यांत पुढे होता तो अख्तल, तगलिब टोळीतला ख्रिस्ती कवी. इस्लामी खलिफाच्या दरबारात गळ्यात क्रूस घालून वावरणाऱ्या या माणसाने शत्रुपक्षाच्या टोळ्यांची अशी खरडपट्टी काढली की तलवारीने न झालेलं काम त्याच्या जिभेने केलं. पुढे अब्बासी आले. त्यांची अडचण निराळी होती. ते पैगंबरांच्या काकाचे वंशज, तर त्यांचे प्रतिस्पर्धी अलवी हे पैगंबरांच्या मुलीच्या पोटचे. पैगंबरांना मुलगा उरला नव्हता. मग वारसा कुणाचा? खलिफा महदीपुढे (कारकीर्द 775 ते 785) मारवान बिन अबी हफ्सा या कवीने तो प्रश्न सरळ वारसाहक्काच्या कायद्यात नेऊन बसवला : चुलता हयात असताना मुलीच्या मुलांना वाटा कसा जाईल? धर्मशास्त्र्यांना ग्रंथ लिहून जे सांगायला लागलं असतं ते त्याने पाठ होईल अशा वृत्तात सांगितलं. या एका मुद्द्यासाठी त्याला लाख दिरहम मिळाले अशी जुनी नोंद आहे. हा मारवान कंजूष म्हणूनही नावाजलेला होता, तेव्हा ते लाख बराच काळ टिकले असावेत.

आणि 838 साली खलिफा मुअतसिमने रूमींचं अमोरियम शहर घेतलं तेव्हा अबू तम्मामने जी कविता रचली ती पुढच्या सगळ्या युद्धकवितांची आई ठरली. ज्योतिष्यांनी आत्ता मुहूर्त नाही म्हणून सांगितलं होतं, खलिफाने ते मानलं नाही आणि शहर पडलं. अबू तम्मामने सुरुवातच ज्योतिष्यांच्या टिंगलीने केली. एका मोहिमेचा निकाल त्याने श्रद्धा विरुद्ध थोतांड अशा खटल्याचा निकाल करून टाकला. मुतनब्बीने हे सगळं कोळून प्यायलं होतं.

सैफुद्दौलाचं मूळ नाव अली. जन्म 916चा, घराणं हमदानी, टोळी तगलिब, म्हणजे अख्तलचीच. बगदादचा खलिफा तोवर नावापुरता उरला होता. सेनापती त्याला बसवत, उठवत, प्रसंगी त्याचे डोळे काढत. 945 मध्ये तर इराणच्या उत्तरेकडून आलेल्या बुवैही या दैलमी सरदारांनी बगदादच ताब्यात घेतलं. खलिफाकडे द्यायला उरले होते ते किताब. कुणी राज्याचा आधार, कुणी राज्याचा साहाय्यक. आपल्याकडच्या सिराजउद्दौलापर्यंत पोहोचलेली ही किताबांची परंपरा फोफावली ती याच काळात. अलीला 942 मध्ये ‘राज्याची तलवार’ हा किताब मिळाला आणि 944 मध्ये त्याने इजिप्तच्या इख्शीदी सत्तेकडून हलब हिसकावून घेतलं. थोरला भाऊ नासिरुद्दौला मोसुलला होता.

म्हणजे या अमिराकडे काय होतं? पैगंबरांच्या कुळाचा वारसा नाही. बगदाद नाही. मुलूख अरुंद, एका बाजूला इख्शीदी, दुसऱ्या बाजूला बुवैही, दक्षिणेला कुणाचंच न ऐकणाऱ्या बेदुइन टोळ्या, आणि उत्तरेला रूमी, जे तीनशे वर्षांत प्रथमच इतक्या जोमात आले होते. त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या : तो जातीने अरब होता, आणि सरहद्दीवर प्रत्यक्ष लढत होता. भोवतालच्या सत्ता तुर्क, दैलमी किंवा गुलामीतून वर आलेल्या सरदारांच्या असताना या दोन गोष्टींचं भांडवल करता येत होतं. ते करायला कवी हवा होता.

मुतनब्बी 948 मध्ये त्याच्याकडे आला, तेहेतीस वर्षांचा. कूफ्यात 915 साली जन्मलेला, बाप पखालीने पाणी वाहणारा असं सांगतात. तरुणपणी सीरियाच्या वाळवंटात टोळ्यांना हाताशी धरून त्याने बंड उभं केलं होतं, पकडला गेला होता, होम्सच्या तुरुंगात दोन वर्षं काढली होती. मुतनब्बी, म्हणजे स्वतःला पैगंबर म्हणवणारा, हे नाव त्याच भानगडीतून चिकटलं. सुटल्यावर कितीतरी वर्षं लहानसहान काझी आणि सरदारांची स्तुती करत तो गावोगाव फिरला. त्या कवितांमध्येही एक चमत्कारिक गोष्ट दिसते. स्तुती समोरच्याची चाललेली असते आणि मध्येच कवी स्वतःची आरती ओवाळायला लागतो. दुसऱ्या कुणाला हे महागात पडलं असतं. यजमान ते खपवून घेत, कारण इतकी भारी जीभ आपल्या पदरी आहे हेही त्यांना मिरवायचं असे.

हलबला येताना त्याने अटी घातल्या अशी परंपरा आहे. मी बसून कविता म्हणेन, आणि अमिरासमोर जमिनीचं चुंबन घेणार नाही. अमिराने मान्य केल्या. दरबारही तसाच तोलामोलाचा होता. तत्त्वज्ञ फाराबी शेवटची वर्षं या अमिराच्या आश्रयाला होता. अबुल फरज इस्फहानीने आपला प्रचंड ‘किताबुल अगानी’ त्याला अर्पण केला आणि हजार दिनार घेतले. इब्न नुबाता धर्मयुद्धाची प्रवचनं रचत होता. वैयाकरण इब्न खालवैह मुलांना शिकवत होता. बक्षिसांसाठी अमिराने खास दिनार पाडले होते, एकेक दहा मिस्कालांचा, म्हणजे नेहमीच्या दिनाराच्या दसपट, वर त्याचं नाव आणि प्रतिमा. इब्न नुबाता मिंबरावरून जे सांगत होता तेच मुतनब्बी कसीद्यातून सांगत होता. मिंबराचा आवाज मशिदीच्या भिंतींपर्यंत जाई, कसीदा काफिल्यांबरोबर बगदादला आणि इजिप्तला जाई. एका यमकावर बांधलेली पन्नास-साठ कडवी ऐकूनच पाठ करणारे लोक त्या समाजात होते, त्याचा धंदा करणारे होते, आणि व्याकरणाचे पंडित त्यातल्या अवघड शब्दांवरून भांडत असल्याने कविता वर्षानुवर्षं तोंडात राहत असे.

हदसच्या कवितेत हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. सुरुवात अमिराच्या नावाने होत नाही. माणसाची उमेद जेवढी, तेवढीच त्याच्या कामाची उंची, या तऱ्हेच्या सर्वसाधारण विचाराने होते, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली की तो माप म्हणून अमिराला लावला जातो. मग किल्ल्याला विचारलं जातं, जणू त्यालाच आठवत असेल, की आधी पाऊस कशाचा पडला आणि मग कशाचा. शत्रूची प्रेतं पसरलेल्या टेकडीवर लग्नातल्या पैशांच्या उधळणीची उपमा येते. ती क्रूर आहे, आणि मला वाटतं तिचा क्रूरपणा ऐकणाऱ्यांना तेव्हाही जाणवत असणार. त्यासाठीच ती योजलेली आहे. शेवटाकडे येईतो सरहद्दीवरची एक झटापट दोन धर्मांची लढाई झालेली असते आणि हलबचा अमीर सगळ्या इस्लामची ढाल-तलवार. बगदादच्या खलिफाचं नाव काढायचीही गरज पडत नाही. ज्याचं काम खलिफाने करायला हवं ते हा करतो आहे, हे न बोलता सांगून होतं.

जिंकल्यावर हे सोपं असतं. 950च्या नोव्हेंबरात अमीर रूमी मुलखात खोल घुसून लूट घेऊन परतत होता आणि खिंडीत गाठला गेला. सैन्य कापलं गेलं, लूट गेली, तो स्वतः कसाबसा सुटला. अरबी इतिहासात त्या स्वारीला संकटाची स्वारी असंच नाव पडलं. त्यावरही मुतनब्बीची कविता आहे, आणि माझ्या मते दरबारी कवीची खरी कसोटी तीच. त्याने पराभव नाकारला नाही. जे पकडले गेले ते मेल्यातच जमा असलेले, ऐनवेळी कच खाणारे होते, असं त्याने सुचवलं. फौजेतला गाळ गेला, आता उरले ते मर्द. ज्यांचे बाप-भाऊ त्या खिंडीत राहिले त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल, हा प्रश्न कवितेच्या कक्षेत येत नाही. अमिराच्या कक्षेतही येत नव्हता. त्याला पुढच्या उन्हाळ्यासाठी माणसं गोळा करायची होती.

आणि पैसे गोळा करायचे होते. या काव्याच्या उजेडात जो भाग कधीच येत नाही तो इथे आहे. इब्न हौकल नावाचा भूगोलकार त्याच काळात त्या मुलखात हिंडत होता आणि त्याने हमदानी भावांच्या कारभाराबद्दल फार कडू लिहिलं आहे. जमिनी बळकावणं, फळबागा तोडून धान्य लावायला भाग पाडणं, असह्य सारा. नासिरुद्दौलाच्या जाचाने बनू हबीब ही अख्खी टोळी बायकामुलं-गुरंढोरांसह सरहद्द ओलांडून रूमींकडे गेली, ख्रिस्ती झाली आणि तिथून उलट छापे घालू लागली. हलबचा काझी अबू हुसैन तर, जो मरेल त्याचा वारस सैफुद्दौला, या धोरणाने लोकांच्या इस्टेटी जप्त करी. दहा मिस्कालांचा दिनार यातूनच पाडला जात होता. मुतनब्बीने धर्मरक्षक म्हणून ज्याला उभा केला त्याच्या घराण्याला कंटाळून माणसं धर्म सोडून जात होती, हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय तो काळ नीट दिसत नाही.

पण कविता अमिराच्या बाजूने झुकलेली असली तरी कवीच्या हातातही दोरीचं एक टोक होतं. स्तुती स्वीकारली की स्तुतीत सांगितलेलं वागणंही गळ्यात पडे. उदार म्हटलं, तर देणं आलं. क्षमाशील म्हटलं, तर सोडून देणं आलं. 954 मध्येच बनू किलाब या टोळीने बंड केलं आणि अमिराने तिला झोडपलं, तेव्हा मुतनब्बीने त्या विजयाची कविता रचताना टोळीसाठी रदबदलीही करून घेतली. अरब टोळ्या तुझ्याच रक्ताच्या, असा त्याचा सूर. स्तुतीच्या आडून अर्ज करायची ही रीत सगळे जाणत होते. अर्ज फेटाळणारा अमीर त्याच कवितेत खोटा ठरे.

दरबारात मत्सर होताच. चुलतभाऊ अबू फिरास स्वतः चांगला कवी आणि शूर सरदार. तो अमिराला म्हणाला अशी गोष्ट सांगतात : या बढाईखोराला वर्षाला तीन कसीद्यांचे तीन हजार दिनार देतोस. दोनशे दिनार वीस कवींना वाटलेस तर याच्याहून चांगलं लिहून देतील. अमीर हळूहळू थंड पडला. मुतनब्बीने उत्तर म्हणून भर दरबारात तक्रारीची कविता म्हटली, ज्यात प्रेम आहे, दुखावलेपणा आहे आणि उघड धमकी आहे की मी निघून गेलो तर पस्तावशील. अबू फिरास मध्येमध्ये टोकत होता, ही कल्पना अमक्याची चोरलेली, ही तमक्याची. कवितेतला उद्धटपणा न साहून अमिराने समोरची दौत त्याच्यावर भिरकावली, आणि मुतनब्बीने जागच्या जागी अशी एक ओळ जोडली की अमीर विरघळला. कथेला तिखटमीठ लागलेलं असेल. तरी त्या नात्याचा ताण ती बरोबर पकडते. अखेर 957 मध्ये इब्न खालवैहशी शब्दांवरून वाद झाला आणि त्या वैयाकरणाने हातातली किल्ली फेकून कवीचं तोंड फोडलं. अमीर बघत बसला. मुतनब्बीने हलब सोडलं. हदसचा किल्ला पडला तो याच वर्षी.

तो गेला थेट शत्रूकडे. इजिप्तचा कर्ताधर्ता तेव्हा काफूर होता. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर तो हा नव्हे, ती गोष्ट साडेतीनशे वर्षांनंतरची. गुलाम खोजांना अशी सुगंधी नावं देत, एवढंच दोघांत सारखं. हा काफूर काळा, विकत घेतलेला, लहान वयाच्या राजपुत्रांचा पालक म्हणून 946 पासून सगळं राज्य चालवणारा, आणि ते बऱ्यापैकी नीट चालवणारा. अरबांचं राज्य अरबांनी करावं असं नऊ वर्षं सांगणाऱ्या कवीने त्याच्यापुढे उभं राहून त्याचीच स्तुती गायली. त्याला पैसा नको होता, सुभा हवा होता. भिश्तीच्या मुलाला अमीर व्हायचं होतं, आणि काफूरकडे बघून ते अशक्य नाही असं त्याला वाटलं असल्यास नवल नाही.

काफूर हुशार होता. पैगंबर व्हायला निघालेल्या माणसाला सुभा दिला तर तो पुढे काय मागेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात. ताकास तूर लागू न देता त्याने कवीला झुलवत ठेवलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. या काळातल्या कवितांना दुहेरी धार आहे असं जुने टीकाकार म्हणतात. वरून स्तुती, आणि जरा तिरकं वाचलं की चेष्टा. मुतनब्बीचा मित्र आणि भाष्यकार इब्न जिन्नी पुढे एकदा त्याच्यासमोर अशीच एक कविता वाचत होता. एका ओळीपाशी तो म्हणाला, तू तर त्याचं माकड केलंस. कवी हसला. पण मला ही दुहेरी वाचनाची हौस थोडी संशयास्पद वाटते. चार वर्षं लांगूलचालन केल्यावर ‘मी मनातून हसतच होतो’ असं म्हणणं कुणालाही सोयीचं.

962च्या जानेवारीत, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, सगळे सणाच्या गडबडीत असताना तो पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटला, आणि जाताना एक निंदाकविता मागे ठेवून गेला. तिच्यात काफूरचं काळेपण, खोजेपण, गुलामी यांवर जे तोंडसुख घेतलं आहे ते आज वाचवत नाही. ते तंत्रात उत्तम आहे म्हणून हजार वर्षं चवीने सांगितलं गेलं. कवितेचं सामर्थ्य म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : काफूरने बावीस वर्षं केलेला कारभार सामान्य अरब वाचकाच्या स्मरणात नाही, त्या शिव्या आहेत. स्तुतिकाव्याच्या कराराची ही दुसरी बाजू. मोबदला चुकवलात तर चुकता हिशेब असा होतो.

इकडे सैफुद्दौलाचा काळ उतरत होता. 962च्या डिसेंबरात बार्दासचा मुलगा निकेफोरस फोकास हलबवरच आला. वेशीबाहेरचा अमिराचा राजवाडा लुटून जाळला, शहर आठवडाभर नागवलं, हजारो तरुण गुलाम करून नेले. बालेकिल्ला तेवढा वाचला. तोच टीकाखोर अबू फिरास त्या वर्षी मनबिजजवळ रूमींच्या हाती लागला होता. कॉन्स्टँटिनोपलच्या कैदेतून त्याने ज्या कविता पाठवल्या त्यांतही स्तुती आणि तक्रार हातात हात घालून येतात, खंडणी भरून मला सोडव म्हणून. कवितेला हजार दिनार देणारा अमीर चुलतभावासाठी चार वर्षं हात आखडून बसला. सगळ्या कैद्यांची एकदम अदलाबदल व्हावी, एकट्या नातेवाइकाला सोडवणं बरं दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं म्हणतात. तेही कवितेतल्या न्यायी अमिराला शोभणारंच.

अर्धांगाने लुळा पडलेल्या सैफुद्दौलाने 964च्या सुमारास मुतनब्बीला स्वहस्ते पत्र लिहून परत बोलावलं. आधी अमिराची बहीण खौला वारली तेव्हा मुतनब्बीने कूफ्याहून विलापिका पाठवली होती. ती इतकी जिव्हाळ्याची आहे की त्या दोघांत काही होतं का, यावर विद्वानांनी उगाच शाई आटवली. पत्राला त्याने कवितेनेच उत्तर दिलं, आदराने, प्रेमाने. पण गेला नाही. तो पूर्वेकडे वळला आणि शिराजला बुवैही राजा अझुदुद्दौलाच्या दरबारी पोहोचला. तिथल्या बव्वान खोऱ्याच्या वर्णनात तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा की इथे अरब माणूस परका. हेही स्तुतीच्याच कवितेत, इराणी राजासमोर. राजाने भरपूर दिलं. 965च्या सप्टेंबरात तो धन घेऊन परतताना बगदादच्या दक्षिणेला दैरुल आकूलजवळ त्याला गाठण्यात आलं. ज्याच्या भाच्याला आणि बहिणीला त्याने एका गलिच्छ निंदाकवितेत ओढलं होतं तो फातिक अल-असदी टोळी घेऊन आला होता. कवी आणि त्याचा मुलगा तिथेच मारले गेले. दीड वर्षाने अमीरही गेला. मोहिमांत कपड्यांवर बसलेली धूळ झटकून तो जमवत असे, तिची वीट करवून ती कबरीत गालाखाली ठेवायला त्याने सांगितलं होतं, आणि तसं केलं गेलं. दोन-तीन वर्षांत हलब रूमींचं मांडलिक झालं.

विसाव्या शतकात अरब राष्ट्रवाद्यांना पूर्वज हवे होते तेव्हा त्यांना सैफुद्दौला आयता सापडला, परक्यांशी लढणारा अरब वीर. त्यांनी जे चित्र उचललं ते साऱ्याच्या वह्यांमधून आलेलं नव्हतं, मुतनब्बीच्या दिवाणातून, म्हणजे काव्यसंग्रहातून, आलं होतं. नऊ वर्षांच्या मुशाहिऱ्यात अमिराने नेमकं काय विकत घेतलं, याचं उत्तर तिथे मिळतं. बनू हबीबकडे कवी नव्हता.

शब्दांची ही मालमत्ता यजमानाच्या हाती मात्र फार दिवस राहत नसे. हलबजवळच्या मअर्राचा आंधळा कवी अबुल अला मअर्री, मुतनब्बीनंतर आठेक वर्षांनी जन्मलेला, स्वतः मोबदल्यासाठी कुणा सत्ताधीशाची स्तुती करत नसे, तसं त्याने आपल्या पहिल्या संग्रहाच्या सुरुवातीला सांगितलं आहे. पण मुतनब्बीवर त्याचा जीव होता, त्याने त्याच्या दिवाणावर भाष्यही लिहिलं. 1009च्या सुमारास तो बगदादला शरीफ मुर्तजा या विद्वानाच्या बैठकीत गेला असता मुर्तजा मुतनब्बीला नावं ठेवू लागला. मअर्री एवढंच म्हणाला की त्याने अमकी एक कविता सोडून दुसरं काहीच लिहिलं नसतं तरी ती पुरेशी होती, आणि त्या कवितेचे सुरुवातीचे शब्द उच्चारले. मुर्तजाने त्याला पायाला धरून फरपटत बाहेर काढवलं. लोक चकित झाले, कारण ती कविता काही मुतनब्बीच्या सर्वोत्तम कवितांतली नव्हे. अंताकियाच्या कुणा काझीच्या स्तुतीची ती तरुणपणची रचना. मुर्तजाने खुलासा केला : याच्याहून चांगल्या कितीतरी कविता असताना याने ही निवडली, कारण हिच्यात पुढे एक ओळ आहे, हलक्या माणसाने केलेल्या निंदेबद्दलची. ती त्याने मला उद्देशून म्हटली.

काझीचं नाव त्या बैठकीत कुणीही घेतलं नाही.